टेपवाडीची सुटलेली जीप

"माझ्या घोवाला खोटं बोलता येत नाय, बाई. आणि तो खोटं बोलतोय."

चिमा गोताड खुर्चीत बसायला तयार नव्हती. मांडवीच्या त्या छोट्या ऑफिसात ती दाराला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

राही मयेकरने पंखा कमी केला. खासगी तपासाचं काम सुरू करण्याआधी तिने बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. समोरचा बोलत असताना मधे बोलायचं नाही, ही सवय तेव्हाचीच. तिचा मावसभाऊ हर्षद याला ती सवय नव्हती. त्याचा फोटो स्टुडिओ शेजारीच होता, आणि गिऱ्हाईक नसलं की तो राहीकडे येऊन बसे.

"टेपवाडीच्या जीपचं ना?" तो म्हणाला. "पेपरात वाचलं. ड्रायव्हर हँडब्रेक लावायला विसरला."

"रघू गोताड विसरत नाय!" चिमा फणकारली.

मग तिने सांगितलं ते असं. डोंगरातल्या वाड्यावाड्यांत जाऊन लोकांचं रक्त तपासणारा एक आरोग्य सर्व्हे चालू होता. त्या रस्त्यांवर साधी गाडी चढत नाही, म्हणून सर्व्हेवाल्यांनी चारही चाकं ओढणाऱ्या दोन जीप ड्रायव्हरसकट भाड्याने घेतल्या होत्या. एक रघूची, दुसरी सूरजची. गेल्या आठवड्यात टेपवाडीत सगळे कामात असताना रघूची उभी जीप उतारावरून सुटली आणि वळणावरून खाली शेतात कोसळली. तिथे भाजवळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, सुका पातेरा गोळा करणारी धोंडूबाई नावाची म्हातारी तिच्याखाली सापडली. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. रघूने पोलिसांना सांगून टाकलं, की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही विसरलो, चूक माझी.

"आता केस होणार, लायसन जाणार. मी विचारते तर गप्प. त्या दिवसापासून एक शब्द नाय. जेवतो नि भिंतीकडे तोंड करून पडतो."

"तुम्हाला काय वाटतं?" राहीने विचारलं.

"तो कुणालातरी वाचवतोय." चिमाचा आवाज चिरकला. "ती नर्स हाय ना, वेदिका. पुढच्या शिटवर तीच बसते. माझ्या घोवाचा पंचा डोक्याला गुंडाळून मिरवते. मी तो पंचा सोड्याने धुवायचा, आणि तिने मिरवायचा! तिनेच काहीतरी केलंन, आणि हा तिच्यासाठी जेलात चाललाय."

ती गेल्यावर हर्षद हळूच म्हणाला, "नवरा जेलात जातोय याचं दुःख कमी, कुणासाठी जातोय याचंच जास्त."

"तेच दुःख खरं असतं कधीकधी," राही म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीने टेपवाडीला जायला सूरजचीच जीप भाड्याने घेतली. सूरज तिशीचा, देखणा, हातात स्टीलचं कडं. रघूचं नाव काढताच त्याने गिअर जरा जोरातच टाकला.

"खोटं कशाला बोलू मॅडम? मला तो आवडत नाय. अवघड रस्ता आला की सर्व्हेच्या डॉक्टर मॅडम म्हणणार, रघूला पाठवा. माझी जीप नवी, टायर नवे. पण ओढ्यापर्यंतच माझी हद्द. त्या दिवशीपण मला ओढ्यालाच थांबवलंन आणि तो वर गेला."

"तू काय करत होतास तेवढा वेळ?"

"झोपलो होतो."

हर्षदने राहीकडे अर्थपूर्ण पाहिलं. सूरजने ते आरशात टिपलं.

"संशय वाटला तर वाटू दे. पण एक सांगतो. रघू गाडी सोडताना कसा सोडतो, बघितलंय मी. उतारावर रिव्हर्स गिअर, वर गिअर लॉक, चावी खिशात. नवीन नवरी घरात ठेवून निघाल्यासारखा दोनदा मागे वळून बघतो."

ओढ्यावर बायका कपडे धूत होत्या. राहीने सहज विषय काढला, तर त्या हसू लागल्या. "हाच ना तो? ह्याच्या घोरण्याने आमच्या म्हशी बुजल्या! तो वर धडाम आवाज झाला, तेव्हा आमीच ह्याला हलवून उठवलंव."

हर्षदचा चेहरा पडला. सूरज मात्र प्रथमच मनापासून हसला.

वाडीच्या तोंडाशी काजूचं एक मोठं झाड होतं. त्याच्या पलीकडे जीप उभी होती ती सपाटशी जागा, आणि तिथून थेट उतार. खाली शेतात जीप अजून तशीच कलंडून पडली होती. आरटीओची तपासणी व्हायची होती, म्हणून पोलिसांनी दोरी बांधून ठेवली होती. पोलीसपाटलांनी लांबून पाहायला परवानगी दिली. जीपला दारं नव्हतीच, नुसतं ताडपत्रीचं छत. राहीने दोरीबाहेरून वाकून बराच वेळ आत पाहिलं.

"हर्षद, फोटो काढ. गिअरचा दांडा, त्यावरचं लॉक, शेजारचा बारका दांडा, हँडब्रेक. आणि पुढच्या सीटचा पट्टा."

हर्षदने कॅमेऱ्यातून पाहिलं. "लॉक लागलेलंच आहे. गाडी रिव्हर्समध्ये आहे. म्हणजे रघू गिअर विसरला नव्हता?"

"नव्हता."

"मग गिअरमधली गाडी सुटली कशी?"

सूरज मागून म्हणाला, "बारका दांडा मधे आहे मॅडम. फोर-व्हीलचा तो दांडा मधे घेतला, की चाकांचा इंजिनशी संबंध तुटतो. मग गिअर असून नसल्यासारखा. नुसता हँडब्रेक सोडायचा, चालली गाडी."

"आणि हे कोणाला माहीत असतं?"

"अशी गाडी चालवणाऱ्याला. किंवा त्याने शिकवलं असेल त्याला."

सीटचा पट्टा तुटलेला नव्हता. नीट सोडलेला होता.

पोलीसपाटलांनी बाकीचं सांगितलं. नर्सबाई काजूपासून दूर, मधल्या अंगणात रक्त घेत होत्या. अख्खी वाडी त्यांच्यासमोर बसली होती. रघू तिथेच म्हाताऱ्यांना धरून आणत होता. सर्व्हेचे ओमकार सर फोनची रेंज शोधत फिरत होते. "आणि एवढं होऊन रक्ताची पेटी मात्र वाचली बघा. ती ह्या काजूखाली होती. खाली जांभ्या दगडाचा चिरा, वर ओलं फडकं, अगदी देवासारखी बसवलेली."

राहीने काजूखालचा चिरा पाहिला. तो अजून तिथेच होता.

*

संध्याकाळी ती दोघं सर्व्हेच्या ऑफिसात गेली. प्रमुख डॉक्टर हेतल कामाने त्रासल्या होत्या, तरी त्यांनी वेदिका आणि ओमकारला बोलावून घेतलं.

वेदिका पंचविशीची, उन्हाने रापलेली, डोळ्यांखाली काळं.

"रघूदादांमुळे मी टिकले या कामात," ती म्हणाली. "घरोघरी तेच सांगतात, माझी बहीण आहे, हात द्या. त्या दिवशी येताना वाऱ्याने माझी टोपी दरीत गेली, तर स्वतःचा पंचा दिला डोक्याला. अपघाताच्या गडबडीत तोही कुठे पडला."

"त्याआधी कधी घेतला होतास पंचा?"

"नाही. टोपी होती ना."

"आणि पेटी?"

ती गोंधळली. "मला वाटतं, मी ती पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधून ठेवली होती. सकाळच्या घरांचं रक्त होतं त्यात. पण ओमकार म्हणतो, तू स्वतःच काजूखाली ठेवलीस आणि विसरलीस. असेलही. डोकंच चालत नाहीये माझं."

"ओमकारचं आणि रघूचं पटतं?"

वेदिका किंचित हसली. "मागच्या महिन्यात चिखलात गाडी रुतली होती. रघूदादा मागून ढकलत होते, ओमकारला स्टिअरिंगवर बसवलेलं. त्याने भलताच दांडा ओढला. रघूदादा ओरडले, 'बारका दांडा मधे घेऊ नका, गाडी सुटेल, मला चिरडाल!' सगळे इतके हसलो. मीच जास्त हसले. ओमकार दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

ओमकार सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"रघू चांगला माणूस आहे," तो म्हणाला. "चूक माणसाकडूनच होते. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, त्याच्यावर फार कडक होऊ नका. फक्त या कामावर आता नको."

"तुम्ही कुठे होता?"

"रेंज शोधत. वरच्या देवळाकडे."

"पेटी कोणी ठेवली काजूखाली?"

"वेदिकानेच. तिचं लक्ष नसतं हल्ली. पुढच्या सीटवर बसून दिवसभर गप्पा. कोणी कुठे बसावं हे मी ठरवत नाही, म्हणा." तो थांबला. राहीने असं काही विचारलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर समुद्रावर ऊन उतरलं होतं. हर्षद एकदम थबकला.

"राहीताई, चिमा! पंचा त्या एकाच दिवशी वेदिकाच्या डोक्यावर होता. रघू घरी बोलतच नाही. मग चिमाला तो दिसला कुठे? ती त्या दिवशी टेपवाडीत होती!"

"शाब्बास. होती."

"म्हणजे तिनेच..."

"तिला आणि रघूला उद्या इथे बोलावू," राही म्हणाली. "सगळ्यांनाच बोलावू."

*

सर्व्हेच्या ऑफिसातल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. चिमा वेदिकाकडे पाठ करून बसली होती. रघू, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस, जमिनीकडे पाहत होता.

"रघूभाऊ," राहीने सुरुवात केली, "तुम्ही गिअर विसरलात असं सांगितलंत. गाडी अजून रिव्हर्समध्ये आहे, आणि तुमचं लॉक शाबूत आहे."

रघूने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"गिअरचा दांडा हलवता येत नव्हता, म्हणून कोणीतरी बारका दांडा मधे घेतला आणि हँडब्रेक सोडला. तुम्ही हे खाली उतरून पाहताच ओळखलंत. तरी दोष स्वतःवर घेतलात. चिमाताई, तुम्ही त्या दिवशी टेपवाडीला कशाला गेला होता?"

चिमाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती रडू लागली.

"एस्टीने गेले. मग चालत. बघायचं होतं, काय चाललंय ते. काजूच्या आडून बघितलं. तिच्या डोक्याला ह्यांचा पंचा. माझ्या अंगाची लाही झाली. तशीच पाखाडीच्या पायऱ्यांनी उतरून परत आले. गाडीला हात नाय लावला, देवाशपथ!"

"रघूभाऊंनी तुम्हाला उतरताना पाठमोरं पाहिलं असणार," राही म्हणाली. "थोड्या वेळाने गाडी सुटली. तो बारका दांडा तुम्हाला माहीत होता ना?"

"सड्याच्या मोकळ्या माळावर मीच गाडी शिकवलीय तिला," रघू प्रथमच बोलला. आवाज घोगरा होता. "बाई, सोडून द्या हे. मी कबूल केलंय."

"तुम्ही चूक केलीत. त्यांनी काही केलेलं नाही."

चिमाने पदराआडून वर पाहिलं.

"वेदिकाला बरोबर आठवत होतं. पेटी पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली होती. ज्याने गाडी सोडली त्याने आधी पट्टा काढला, पेटी उचलली आणि काजूखाली नेली. आता सांगा, जिला वेदिकाचा एवढा राग, ती वेदिकाचीच पेटी वाचवेल? चिमाताईंनी ती आधी दरीत फेकली असती."

"फेकलीच असती," चिमा रडता रडता म्हणाली.

"सूरजला ओढ्यावरच्या बायकांनी झोपेतून उठवलं. वेदिका आणि रघू सगळ्या वाडीसमोर होते. पेटी चिऱ्यावर ठेवली होती, वर ओलं फडकं. रक्त तापू नये म्हणून काय करायचं, हे ज्याला शिकवलेलं आहे आणि ज्याला सर्व्हे बुडू द्यायचा नव्हता, असा एकच माणूस तेव्हा एकटा फिरत होता. त्याला बारका दांडा काय करतो हे चिखलात, सगळ्यांच्या हसण्यात, शिकायला मिळालं होतं. नंतर तोच वेदिकाला पटवत राहिला, की पेटी तूच विसरलीस."

सगळ्यांच्या नजरा ओमकारकडे वळल्या. त्याने शर्टाची बाही सरळ केली. पुन्हा केली.

"मला फक्त तो या कामावर नको होता," शेवटी तो म्हणाला. "गाडी शेतात जाऊन पडेल, त्याला कामावरून काढतील, एवढंच."

"का?" वेदिका त्याच्याकडे वळली. "मी त्यांना दादा म्हणते, ओमकार."

"माहीत आहे. तरीही. सकाळी गाडीत बसल्यापासून तू त्याच्याशी बोलायचीस. मी मागच्या बाकावर, तुझी वेणी बघत. माझ्याशी बोलताना तू नेहमी कामाचंच बोललीस."

"पेटीसाठी तुम्ही सावली शोधलीत," राही म्हणाली. "उतारावर चार पावलं पुढे जाऊन खाली पाहिलं असतंत, तर धोंडूबाई दिसली असती."

ओमकारने चेहरा ओंजळीत झाकला. डॉक्टर हेतल उठल्या आणि पोलिसांना फोन लावायला बाहेर गेल्या. सूरज खिडकीशी जाऊन उभा राहिला. वेदिका हळूच चिमाजवळ गेली, काहीतरी म्हणायला, पण चिमाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती नवऱ्याकडे पाहत होती, आणि तिचे डोळे आता कोरडे झाले होते.

"तुमाला वाटलं, मी माणूस मारायला निघाले?"

रघूने मान वर केली. "तुलापण वाटलंच की, मी..."

"ते वायलं!"

"कसं काय येगळं?"

चिमाने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आणि तसं वाटूनपण गप्प बसलाव," ती म्हणाली. "जेलात जायला निघालाव."

"मग काय करू? तुला पाठवू?"

हर्षदने उगाच खोकून दुसरीकडे पाहिलं. चिमा उठली, पदर खोचला, आणि दाराशी जाऊन वळली.

"घरी चला," ती रघूला म्हणाली. "मला भांडायचंय. इथं लोकांत नको."

रघू उठला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू आलं, आणि ते लपवत तो बायकोच्या मागे निघाला.