उत्तरेची बाजू

गेवराईत आदिनाथच्या दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म' एवढंच लिहिलंय, पण त्याची खरी ख्याती कॉपी-पेस्टची. भाडेकरार असो, रहिवासाचा अर्ज असो की बारशाची पत्रिका, एकदा मजकूर धड टाइप करायचा आणि मग जन्मभर त्याच्यात नावं बदलत बसायचं. कुणी म्हणालं, "अरे, जरा नवीन काहीतरी लिव की," तर तो हसायचा. "नवीन लिवायला आपन काय पोथी लिवतोय का?"

आता तो कॉपी-पेस्ट करत नाही. का, ते ऐका.

गेल्या सप्टेंबरात गंगा फुगली. गोदावरीला इकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काठावरच्या मावलगव्हाणात पाणी शिरलं, उभी कपाशी आडवी झाली, जनावरं वाहून गेली. गावचे तलाठी अर्जुनराव. वरून निरोप आला की दोन दिवसांत सगळे पंचनामे पाहिजेत. अर्जुनराव पहिल्या दिवशी गुडघाभर चिखल तुडवत एका शेतावर गेले. तेवढा एक पंचनामा खरा. उरलेले त्रेसष्ट त्यांनी आदिनाथच्या दुकानात पंख्याखाली बसून उरकले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदांवर आधीच घेतल्या होत्या. अर्जुनराव नाव, गट नंबर आणि चतुःसीमा सांगायचे, म्हणजे त्या जागेच्या चारी दिशांना काय काय आहे ते. आदिनाथ जुना मजकूर चिकटवून तेवढंच बदलायचा. शेवटची ओळ तर बदलायचीही नव्हती. 'मनुष्यहानी : निरंक.' माणूस एकही गेला नाही, याला सरकारी कागदावर निरंक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा मेंढपाळ दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. गहिनीनाथ त्याचं नाव. खांद्यावरचं घोंगडं अजून ओलं होतं आणि त्याला भिजलेल्या लोकरीचा उग्र वास येत होता.

"भाऊसाहेब, जाग्यावर चला."

"मेंढरं किती गेली ते सांग, बाबा. इथूनच लिवतो," अर्जुनराव म्हणाले.

"मेंढरं ऱ्हाऊ द्या. माझी बायकू सारजा गावंना. कोकरू मागं राहिलं म्हून माघारी फिरली. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं, गंगंच्या अंगाला उभी होती, काखंत कोकरू धरून. मंग पानी आलं."

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. "गेली असंल कुनाच्या वस्तीवर. येईल."

"तुमी या. बघितल्याबिगर लिवू नका," म्हातारा म्हणाला. तो अर्जुनरावांकडं नाही, आदिनाथच्या बोटांकडं बघत होता.

माणूस गेला असं लिहिलं की पोलीस, चौकशी, आणखी दहा कागद. अर्जुनरावांनी डोळ्यांनीच खूण केली. आदिनाथनं दोन कळा दाबल्या. पूर्वेस कपाशी, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस बाभळी, उत्तरेस नदीपात्र. मनुष्यहानी : निरंक. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला.

गहिनीनाथ दिवे लागेपर्यंत पायरीवर बसून होता. आदिनाथनं चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. मग उठून गेला. उरलेली मेंढरं घेऊन तो पार जालन्याकडं निघून गेल्याचं नंतर कानावर आलं. आदिनाथला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, हे खरं. तिसऱ्या दिवशी तो विसरला, हेही खरंच.

डिसेंबर उजाडला. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या. एका सकाळी सुनिता नावाची अंगणवाडीसेविका बदलीचा अर्ज घेऊन आली. मजकूर तिच्या मोबाइलवर होता. आदिनाथनं तो संगणकावर घेतला, कॉपी केला, कोऱ्या पानावर चिकटवला.

पानावर अर्ज आला नाही. चार ओळी आल्या.

पूर्वेस : कपाशी. पश्चिमेस : पाणंद. दक्षिणेस : बाभळी. उत्तरेस : बाई.

"हे काय लिवलंय, भाऊ?" सुनितानं मोठ्यानं वाचलं. "कोन बाई?"

"जुनं काहीतरी ऱ्हायलंय आत," आदिनाथ म्हणाला आणि पुसून टाकलं. पुन्हा चिकटवलं तेव्हा अर्ज नीट आला. ती गेल्यावर त्यानं पुराचे सगळे पंचनामे उघडून पाहिले. गहिनीनाथच्या कागदावर उत्तरेस नदीपात्रच होतं. बाई हा शब्द त्रेसष्टांपैकी एकाही कागदात नव्हता.

चार दिवसांनी भाडेकरार करताना पुन्हा तेच झालं.

पूर्वेस : ऊस. पश्चिमेस : हायवे. दक्षिणेस : बंद ढाबा. उत्तरेस : बाई.

तो ढाबा आदिनाथला माहीत होता. गंगेकडून गेवराईला येताना चार किलोमीटर आधी लागतो, छपराचे पत्रे उडालेला. ढाबा दक्षिणेला आणि बाई उत्तरेला, म्हणजे ती गंगा सोडून गेवराईच्या वाटेला लागली होती. हा विचार मनात येताच त्यानं पान पुसून टाकलं. त्यानं समोरच्या माणसाला सांगितलं की मशीन बिघडलंय, उद्या या.

त्यानं मशीन खरंच दुरुस्तीला दिलं. दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं आणि म्हणाला, "आत काही न्हवतं, गड्या. कशाला घाबरतो उगं?" आदिनाथला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं.

मशीन परत आलं त्या दिवशी बाहेर टळटळीत ऊन होतं. समोरच्या चपलांच्या दुकानात गाणी लागली होती. आदिनाथनं मुद्दाम, नुसतं बघायचं म्हणून, स्वतःचं नाव टाइप केलं, कॉपी केलं आणि चिकटवलं.

पूर्वेस : झेरॉक्स मशीन. पश्चिमेस : चपलांचे दुकान. दक्षिणेस : पाण्याचा माठ. उत्तरेस : बाई.

उत्तरेला त्याची पाठ होती.

त्याच्या खुर्चीमागं दीड हातावर भिंत, भिंतीवर दिनदर्शिका. त्यानं मान वळवली नाही. त्याला वास आला. भिजलेल्या लोकरीचा, उग्र, अगदी मानेजवळ. आणि खाली फरशीवर पाणी ठिबकल्याचा आवाज, एक, मग थोड्या वेळानं दुसरा. गाणी अजून चालूच होती. तो तसाच उठला, समोर बघत बाहेर आला आणि उन्हात जाऊन उभा राहिला. मागं वळून पाहिलं तेव्हा दुकान रिकामं होतं. भिंत मात्र कमरेपर्यंत ओली होती, आणि त्या ओलीला पुराच्या पाण्यासारखी गढूळ, सरळ रेघ होती.

तो थेट अर्जुनरावांकडं गेला. अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं, कारण ते सुपारी कातरत होते.

"भाऊसाहेब, जाग्यावर जाऊ. खरा पंचनामा करू. एवढंच पायजे तिला."

"झालं गेलं गंगेला मिळालं, आदिनाथ. सह्या झाल्या, शिक्के झाले. आता मी तिथं जाऊन काय लिवू? आधी खोटं लिवलं म्हून?"

"तिचं नाव लिवा."

अर्जुनरावांनी सुपारी तोंडात टाकली.

घरी आदिनाथची बायको धनश्री आणि अकरा महिन्यांची राजनंदिनी, एवढंच बिऱ्हाड. पोरीला दात येत होते, त्यामुळं ती दिवसभर किरकिर करायची. त्या रात्री त्यानं धनश्रीला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पोरीच्या लसीची तारीख धनश्रीला पाठवावी म्हणून त्यानं दुकानातून मोबाइलवर एक ओळ कॉपी केली आणि पेस्ट केली.

पूर्वेस : दार. पश्चिमेस : मोरी. दक्षिणेस : झोळी. उत्तरेस :

पुढं काही नव्हतं. उत्तरेची जागा रिकामी होती.

झोळी राजनंदिनीची होती. आढ्याला बांधलेली, धनश्रीच्या जुन्या हिरव्या साडीची. आदिनाथची पाचावर धारण बसली. ते न पाठवता त्यानं पुसलं आणि फोन लावला.

"पोरगी कुठंय?"

"हितंच. झोळीत. काय झालं?"

"दाराला कडी घाल. मी येईस्तोवर कुनालाच आत घेऊ नको. कुनालाच."

"भरदुपारी? बरं बरं, घालते." ती हसली. मागं राजनंदिनी रडत होती. ते रडणं त्याला फार बरं वाटलं.

घरी जावं की नदीवर? आज घरी बसून पोरीची राखण करता येईल, पण उद्या, परवा? चूक जिथं झाली तिथंच ती निस्तरली पाहिजे, असं त्याला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. त्यानं कोरे कागद आणि एक पेन घेतलं आणि मोटारसायकल गंगेच्या वाटेला घातली. बंद ढाबा लागला तेव्हा त्यानं तिकडं बघितलं नाही.

मावलगव्हाणच्या पुढं पाणंद संपते तिथं तो उतरला. बाभळीच्या माथ्यापर्यंत पुराचा कचरा अडकलेला होता, चिंध्या, कडबा, एक फाटकी चप्पल. जमीन तडकली होती. माणूस नाही, काणूस नाही. तो जमिनीवर बसला, मांडीवर कागद ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पंचनामा स्वतःच्या हातानं, अक्षर अक्षर, लिहू लागला. ओळी वर-खाली होत होत्या.

पूर्वेस कपाशीच्या वाळक्या पळाट्या. पश्चिमेस पाणंद. दक्षिणेस बाभळी. प्रत्येक दिशेला तो आधी मान वळवून बघायचा, मगच लिहायचा. बघितल्याबिगर लिवू नका, असं म्हातारा म्हणाला होता.

मनुष्यहानी : एक. सारजाबाई, गहिनीनाथ मेंढपाळाची बायको. कोकरासाठी माघारी फिरली.

हे लिहिताना त्याला रडू आलं. तो मोठ्यानं म्हणाला, "आजी, चुकलो. तुमचं नाव लिवलं. आता जा." छाती हलकी झाली. वारा सुटला, पळाट्या वाजल्या, आणि सगळं संपलं असं त्याला खरोखरच वाटलं.

मग उत्तर राहिली.

त्यानं मान वर केली. नदीचं पात्र लांबवर पसरलं होतं, मध्ये पाण्याची निळी पट्टी. काठावर जिथं तिला म्हाताऱ्यानं शेवटचं पाहिलं होतं तिथं कुणी नव्हतं. भेगाळलेल्या मातीत दोन पावलं होती फक्त. जुनी, वाळून कडक झालेली. पावलांची बोटं नदीकडं नव्हती.

ती गेवराईकडं होती.

उत्तरेस : कोणी नाही, असं त्यानं लिहिलं. लिहिलं आणि पेन हातातच राहिलं.

ती इथं नव्हती.

खिशात मोबाइल वाजला. धनश्रीचा मेसेज होता.

'तुमी धाडलेल्या आजी आल्यात. लई भिजल्यात बिचाऱ्या, टॉवेल दिलाय. नंदूला काखेत घेतलंय. कधीची रडत होती, आता एकदम गप झाली.'

त्याच्या वर, त्याच्याच नंबरावरून, एक वाजून दहा मिनिटांनी गेलेला मेसेज होता. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचे दोन्ही हात मोटारसायकलवर होते.

'बाई येतील. कडी काढ. उत्तरेच्या भिंतीला बसव.'

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली.

पुन्हा लावला.

पुन्हा.

चौथ्यांदा लावणार तेवढ्यात धनश्रीच्या नंबरावरून आणखी एक मेसेज आला. आदिनाथनं तो उघडला. नेहमीचा मजकूर होता, नेहमीच्याच क्रमानं.

पूर्वेस : दार, उघडे. पश्चिमेस : मोरी. दक्षिणेस : झोळी, रिकामी. उत्तरेस : बाई, काखेत एक.

खाली शेवटची ओळ होती. ती वाचून दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. आदिनाथनं ती ओळ दोन दिवसांत त्रेसष्ट वेळा चिकटवली होती.

मनुष्यहानी : निरंक.