ठकीचा नववा पाय

पैज लागली सोमवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरात. आणि कशावरून, तर उताण्या पडलेल्या कोळ्यावरून.

कोळी म्हणजे माळ्यावरचा काटकुळा नव्हे. टॅरंट्युला. तळहाताएवढी मादी, अंगभर तांबूस केस, स्वभावानं गरीब गाय. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी ती बारा वर्षांपूर्वी आणली, काचेच्या पेटीत ठेवली आणि नाव दिलं ठकी. घरात बाईंना बोलायला तेवढीच एक होती.

टोप्या पहिल्या मजल्यावरचा. धंदा अडलेली कुलपं उघडण्याचा. त्याच्या डोक्यावर कुणी कधी टोपी पाहिली नव्हती, पण त्यानं टोपी घातली नाही असा माणूस बिल्डिंगमध्ये उरला नव्हता.

"बाई, खपली हो तुमची ठकी," तो पेटीत डोकावून म्हणाला. "चारी मुंड्या चीत! चारी कसल्या, आठी!"

"गप रे. मेलेला कोळी असा झोपत नाही. ती कात टाकतेय. आधी खाणं सोडलं, मग कोपरा धरला, मग उताणी झाली. असंच असतं त्यांचं. फक्त हात लावायचा नाही. आतली कातडी ओल्या कागदासारखी असते, बोट लागलं तर जीव जायचा."

"बाई म्हणतात तर जिवंत आहे," तळमजल्यावरचा सलूनवाला म्हणाला.

"मेलीय!"

"लाव पैज. हरेल त्याची अर्धी मिशी. रविवारी दहाला, गेटवर, सगळ्यांदेखत."

टोप्याची मिशी बावीस वर्षांची. लग्नाच्या फोटोत बायकोच्या आधी तीच दिसायची. पण मागे हटेल तो टोप्या कसला! त्यानं टाळी दिली.

सलूनवाला दुकान उघडायला गेला, बाई चहा ठेवायला आत वळल्या आणि टोप्याच्या अंगातला किडा वळवळला. मेलीय की नाही, एकदाचं नक्की करून टाकू. त्यानं झाकण सरकवलं आणि उजव्या हाताची तर्जनी ठकीच्या पोटाला लावली.

बोट मऊ, ओल्या कशात तरी रुतलं. मग आतून कुणीतरी ते धरलं. चावलं नाही, ओरबाडलं नाही. लहान बाळ धरतं तसं, नुसतं धरलं. टोप्यानं हिसका दिला. बोट सुटलं. दुखलं अजिबात नाही. झाकण लावून तो चहा न घेताच खाली आला.

मंगळवारी बाईंच्या आनंदाला पारावार नव्हता. ठकी नव्या कोऱ्या अंगानं एका कोपऱ्यात बसली होती आणि शेजारी तिची कात, अख्खी, हुबेहूब दुसरी ठकी. बघायला जिन्यात रांग लागली. बाईंनी चिमट्यानं कात उचलून पाय मोजले.

"सहा, सात, आठ..." त्या थांबल्या. "हा नववा कुठला?"

नववा पाय आखूड होता, जाडसर, पोकळ. त्याच्या टोकाला नख होतं. नखाच्या कडेला काळं ग्रीस.

बाईंनी वळून टोप्याकडे पाहिलं. टोप्यानं हात खिशात घातला. खिशातल्या खिशात अंगठ्यानं तर्जनी चाचपली. नख होतं जागेवर, पण मऊ, नुकतंच फुटल्यासारखं. बोटाचं टोक काचेसारखं गुळगुळीत. एक रेघ उरली नव्हती.

"काय रे, गप्प का झालास?" सलूनवाल्यानं डिवचलं. "मिशीला तेल लाव आता, पाच दिवस राहिलेत तिचे."

बुधवारी टोप्यानं ते बोट कुलपावर टेकवलं आणि खिळा आत घालायच्या आधीच कुलपाचं पोट त्याला कळलं. कुठला दात अडलाय, कुठला झिजलाय. तो खूश झाला. मग त्यानं बोट टेबलावर ठेवलं. जिन्यातून कोण चढतंय, कोणत्या पायानं लंगडतंय, सगळं बोटातून वर येत होतं. आणि या सगळ्याखाली, तिसऱ्या मजल्यावरून, बारीक ठोके. टक टक. टक. जरा थांबून पुन्हा टक टक. टक.

त्यानं बोट उचललं. पाठ घामानं भिजली होती.

गुरुवारी त्यानं ताट परत केलं.

"अहो, भाताला शिवलासुद्धा नाहीत," बायको म्हणाली.

"पाणी दे नुसतं."

शुक्रवारी तो कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. "एका मिशीचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" बायको समजूत काढत राहिली. त्याला सांगायचं होतं, की मिशी गेली खड्ड्यात, मला वाचव. जबडा हलला नाही.

शनिवारी दुपारी ती आत आली, तर तो फरशीवर उताणा होता. हात-पाय पोटाशी दुमडलेले. डोळे उघडे. जन्मभर कुशीवर झोपणारा माणूस.

रविवारी दहाला बायकोनंच त्याला धरून गेटवर आणलं आणि सलूनवाल्यानं मांडलेल्या खुर्चीत बसवलं. अख्खी बिल्डिंग जमली होती. शिट्ट्या झाल्या. बाई पेटी घेऊन खाली आल्या होत्या, जिंकणारी हजर नको का!

"बोल टोप्या, डावी की उजवी?"

सलूनवाल्यानं फेस लावला, वस्तरा उघडला आणि ओठाच्या कडेला नुसता टेकवला.

कातडी उचलली गेली.

रक्त नाही. आवाज कोरड्या कागदाचा. सलूनवाल्याचा हात आपोआप मागे आला आणि चिमटीत मिशी आली, अर्धी नाही, पूर्ण. मिशीमागून ओठ, ओठामागून गाल, कपाळ, भुवया.

शिट्ट्या थांबल्या.

खाली चेहरा होता. पांढराफटक, ओलसर, टोप्यासारखाच.

"अहो," बायकोनं हाक मारली आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस," बाई हळूच म्हणाल्या. "दोन दिवस मऊ असतात."

त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. पेटीतल्या ठकीनं एक पाय उचलून काचेवर आपटला. टक टक. टक.

खुर्चीच्या दांड्यावर टोप्याच्या तर्जनीनं उत्तर दिलं.