खिंडीतली पाहुणी

परदेशात सहलीला जायचं ते आराम करायला, असं ज्याला वाटतं त्याने एकदा टूरबरोबर जाऊन बघावं. पहाटे उठा, बॅगा दाराबाहेर काढा, तोंडातला घास चावत चावत बसकडे पळा. आमच्या टूर मॅनेजरला सगळे ‘चलाचला’ म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नसे. एखादं तळं बघून डोळे निवतायत न निवतायत तोच हा टाळ्या वाजवायला लागे.

तरी खोटं कशाला बोलू, मजा येत होती. हे गेल्यापासून घरात मी आणि वन्सं, यांची थोरली बहीण, अशा दोघीच. दिवसभर आमची वादावादी चालते, पण एकीला शिंक आली की दुसरीचा जीव वर-खाली होतो. वन्सं नसतील तर मला कोण आहे? त्या फोटो काढत मागे रेंगाळायच्या आणि मी त्यांना ओढत न्यायची.

चलाचला माणसं मोजत नसे. त्यात वेळ जातो म्हणे. त्याने सगळ्यांच्या जोड्या लावून दिल्या होत्या. बस सुटायच्या आधी माइकवरून विचारायचा, “शेजारी आहे ना?” की आम्ही सगळी म्हातारी मंडळी एका सुरात ओरडायचो, “आहे!” सगळ्यांना पिवळी टोपी आणि पिवळा मफलर दिला होता, म्हणजे हरवलो तर लांबून ओळखू यावं.

त्या दुपारी बस डोंगरातल्या एका खिंडीत थांबली. देखावा सुंदर आहे म्हणाले होते, पण धुकं इतकं की आपलाच हात दिसेना. रस्त्याकडेला एक बंद पडलेलं हॉटेल होतं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. त्याच्या मागे स्वच्छतागृह. आतून कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. वन्सं तिकडे गेल्या. माझ्या पायाचे तुकडे पडत होते, म्हणून मी आपली बसमध्ये येऊन सीटवर डोळे मिटून बसले.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी बसलं. मिटल्या पापण्यांच्या फटीतून पिवळी टोपी दिसली, खांदा माझ्या खांद्याला टेकला. ओल्या लोकरीचा वास आला, बरेच दिवस बंद असलेल्या कपाटासारखा.

“शेजारी आहे ना?”

“आहे!” मी डोळे न उघडताच ओरडले.

बस उतरणीला लागली. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. वन्सं सीटवर बसल्या की त्यांचं तोंड सुरू होतं, मग शेजारच्याला झोप येवो न येवो. आणि आज अवाक्षर नाही.

“वन्सं, बरं वाटत नाही का?”

एक हात तेवढा माझ्या हातावर येऊन बसला. गार आणि ओला.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. दुसऱ्या हाताने कसाबसा काढला. स्क्रीनवर वन्संचं नाव होतं.

“वहिनी... अगं कुठे गेलात सगळे? इथे चिटपाखरू नाही... मला भीती वाटते गं...”

आणि बस बोगद्यात शिरली. फोन कट झाला. अंधारात तो हात माझ्या हातावर तसाच होता. बोगदा संपेस्तोवर मी मान वळवली नाही. उजेड आला तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. सीट मात्र चिंब भिजलेली होती.

मी आकांत केला तशी चलाचलाने बस वळवून घेतली. खरेदी बुडाली म्हणून मागचे काका जरा कुरकुरले, मग माझं तोंड बघून गप्प झाले. सगळा रस्ता मी देवाला एवढंच म्हणत होते की माझी बाई मला परत दे.

वन्सं हॉटेलच्या पायरीवर बसल्या होत्या, धडधाकट. मी त्यांना मिठीच मारली.

“घाबरलात ना हो एकट्या?”

“आधी घाबरले. मग ती आली ना.” वन्सं बसमध्ये चढता चढता म्हणाल्या. “अशीच पिवळी टोपी. धुक्यात मला वाटलं तूच परत आलीस. आवाजसुद्धा अगदी तुझा. तिची बस कधीची निघून गेली होती गं. कधी, ते तिला आठवत नव्हतं. सारखी विचारत होती, घरी कोण कोण असतं, तू मला काय म्हणून हाक मारतेस...”

“मग?”

“मग काय. काकडत होती बिचारी. मी म्हटलं, आमच्याकडे ये. पत्ता सांगितला.”

वन्सं ज्याला-त्याला घरी या म्हणतात. दुकानात, दवाखान्यात, कुठेही. मी खिडकीतून मागे पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मी तो विषय पुन्हा काढला नाही. धुणंभांडी, भाजी, औषधं यांत दिवस जाऊ लागले. तरी दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघायची आणि मगच दार उघडायची.

परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन आले, तर वन्सं स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात चहा टाकत होत्या. चष्मा ओट्यावर काढून ठेवलेला. दारापासून माझ्या खोलीपर्यंत फरशी ओली.

“आली हो ती,” वन्सं कुजबुजल्या. “इतकी दमली होती की सरळ तुझ्या खोलीत जाऊन पडली.”

मी खोलीचं दार ढकललं. आतून कडी होती.

“वन्सं... चपला घाला. आपण शेजारी जाऊ. आत्ताच्या आत्ता.”

“आणि तिला पुन्हा एकटीला टाकायचं? एकदा टाकलंय लोकांनी. मी नाही येणार.”

मी त्यांचा हात धरून ओढायला लागले. तोच खोलीतली कॉट करकरली. दारामागून झोपाळलेला आवाज आला, माझा आवाज.

“वन्सं... कोण आलंय हो बाहेर?”

वन्संनी माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. ओट्यावरचा चष्मा उचलला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.