शेजारची जागा

वजनकाटे तपासणं हे त्याचं काम होतं आणि ऑफिसात त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. नावात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. दवाखान्यांतले, प्रयोगशाळांतले, औषधांच्या कारखान्यांतले काटे खरं बोलतात की नाही हे बघत तो सव्वीस वर्षं फिरला होता. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या पितळी वजनांची एक पेटी कायम त्याच्याबरोबर असे. विमानतळावरचे तपासणीवाले दर वेळी ती उघडायला लावत आणि आत सोनं नाही हे पाहून दर वेळी हिरमुसत. त्या वजनांना तो उघड्या हाताने शिवत नसे. बोटांच्या घामानेसुद्धा वजन बदलतं, असं तो नव्या माणसाला सांगे, आणि नव्या माणसाला वाटे की साहेब फिरकी घेताहेत.

त्याच्या हातांचं घरात फार कौतुक होतं. कलिंगड असो, प्रवासाची बॅग असो की शेजारणीचं मांजर असो, हातात घेऊन तो वजन सांगायचा आणि दहा-वीस ग्रॅमपेक्षा जास्त कधी चुकायचा नाही. लेक लहानपणी मैत्रिणींना घरी आणून हा खेळ दाखवायची. आता तिलाच दिवस गेले होते. आठव्या महिन्यात तिने फोनवर सांगून टाकलं, की बाळाचं वजन तुम्हीच सांगायचं, आधी तुमच्या हातात आणि मगच काट्यावर. आई गेल्यापासून तिने त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती.

दर महिन्याला एकदा त्याला डोंगरांपलीकडच्या शहरात जावं लागे. तिथे बायकोची बहीण राहायची, त्यामुळे बायकोही बहुतेक वेळा बरोबर निघायची. सकाळचं विमान, उजवीकडची चौदावी रांग, खिडकीत तो आणि शेजारी ती. उड्डाणानंतर चाळीस मिनिटांनी बर्फाच्या डोंगरांची ओळ यायची आणि त्या ओळीत ‘खुर्ची’ यायची. हे नाव बायकोने ठेवलेलं. दोन बाजूंना दोन सुळके, मागे उभा कडा आणि मधोमध बर्फाची सपाट बैठक.

‘‘अहो, एकदा तिथे जाऊन बसायला हवं,’’ असं ती दर वेळी म्हणायची, आणि तो दर वेळी ‘‘बसू की’’ म्हणायचा. जिथे आजवर कुणाचं पाऊल पडलं नसेल तिथे बसायचं कबूल करायला काय जातं?

विमानाच्या खिडकीतून फोटो काढणं दिसतं तेवढं सोपं नाही. काचेत आतलंच सगळं उमटतं. आपला पांढरा शर्ट, शेजाऱ्याचं टक्कल, डोक्यावरचा दिवा. त्यावर बायकोने उपाय काढला होता. अंगावरची काळी लोकरीची शाल ती दोन्ही हातांनी कॅमेऱ्याभोवती ताणून काचेला टेकवून धरायची. त्या आडोशात काचेतलं प्रतिबिंब नाहीसं व्हायचं आणि डोंगर स्वच्छ यायचा. घरी परतल्यावर एकच फोटो, ठरलेल्या आकारात छापून, मागे तारीख घालून जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर लागायचा. शंभराच्या वर फोटो झाले होते. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा ती भिंत बराच वेळ बघून त्याने अदबीने विचारलं होतं, ‘‘यातला दुसरा कुठला?’’ बायको त्यावर आठवडाभर हसत होती.

ती गेली चार दिवसांच्या तापात. दवाखान्यात तिला सारखी थंडी वाजत होती म्हणून लेकीने शाल पांघरली, आणि ती शाल तिच्याबरोबरच गेली. तो रडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हो’ म्हणत राहिला, ‘बरं’ म्हणत राहिला. नंतर त्याने स्वतःची तपासणीही करून पाहिली. तिची चप्पल हातात घेऊन उभा राहिला, तिचा चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिला, तिच्या फोनवरचे जुने निरोप ऐकले. काटा जागचा हलला नाही. ‘‘बाबा, तुम्ही आईसाठी एकदा तरी रडलात का?’’ असं लेकीने एके दिवशी विचारलं. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो ‘‘नाही’’ म्हणाला. त्यानंतर पंधरा दिवस तिचा फोन नव्हता. पंधरा दिवसांनी आला तो बाळाची बातमी सांगायला.

पहिल्यांदा एकट्याने निघाला तेव्हा शेजारच्या जागेवर कुणी नव्हतं. खुर्ची आली. सवयीने त्याने कॅमेरा काचेला लावला, बटण दाबलं आणि पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला. फोटो छापून आला तेव्हा तो आधी खिळा शोधू लागला. भिंतीवर लावल्यावर दोन पावलं मागे सरला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की फोटोत त्याचा शर्ट नाही. दिवा नाही. काचेवर काहीच उमटलेलं नाही.

उन्हाचा कोन वेगळा असेल, असं त्याने ठरवलं. पुढच्या महिन्यात मुद्दाम पांढराफटक शर्ट घातला, डोक्यावरचा दिवा लावला आणि कॅमेरा काचेपासून वीतभर लांब धरून फोटो काढला. असा फोटो खराब यायलाच हवा. तो आजवरचा सगळ्यांत स्वच्छ फोटो आला.

मग त्याने पट्टी काढली. जुन्या सगळ्या फोटोंत खुर्ची एकतीस मिलिमीटर रुंद होती, कधी एखादा कमी, कधी एखादा जास्त. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या फोटोत ती तेहतीस होती आणि दुसऱ्यात सदतीस. कोपऱ्यातलं विमानाच्या पंखाचं टोक तेवढंच आक्रसत चाललं होतं. फोटो छापणाऱ्याला त्याने विचारलं की तुम्ही मोठा करून देता का. बारा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच तो माणूस चिडला. विमानात हवाईसुंदरीला विचारलं, तेव्हा तिने आत जाऊन चौकशी केली आणि हसत सांगितलं की वाट तीच आहे, उंची तीच आहे.

तिसऱ्या फोटोत पंख नव्हताच. खुर्ची चव्वेचाळीस मिलिमीटर भरली, आणि तिच्या बैठकीवर उजव्या कडेला काळा ठिपका होता. त्याने तो नखाने खरवडून पाहिला. तो कागदावरचा नव्हता, फोटोतलाच होता.

त्या सुमारास त्याची बोटं बधिर व्हायला लागली. आधी उजव्या हाताचं पहिलं बोट, बटण दाबायचं. उकळत्या चहाचा पेला हातात धरून तो पेपर वाचत बसला आणि कातडी लाल झालेली दिसली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. पांढरी पडलेली टोकं दाबून त्यांनी विचारलं, ‘‘बर्फात काम करता का कुठे?’’ तो नाही म्हणाला. ‘‘थंडीने होतं असं,’’ असं पुटपुटून त्यांनी मलम लिहून दिलं. ते रोज लावूनही सहाव्या फोटोपर्यंत दोन्ही हात मनगटापर्यंत गेले. पेटीतली वजनं खाचेतून उचलली की हातात आहेत की पडली, हे त्याला डोळ्यांनी पाहावं लागे. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच.

सातव्या खेपेला आतल्या कडेच्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ होते. मधली जागा रिकामी होती. डोंगर आले तसा त्याने कॅमेरा उचलला. म्हातारे जरा पुढे वाकले, मग मान वाकडी करून बघू लागले आणि शेवटी संकोचून म्हणाले, ‘‘ताईंना सांगता का, शाल जरा खाली घ्या म्हणावं. मलाही डोंगर बघायचेत.’’

त्याने मधल्या जागेकडे पाहिलं. तिथे त्याचं वर्तमानपत्र होतं.

‘‘कुणाला सांगू?’’ त्याने विचारलं.

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग जागेकडे. ‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. उरलेला सगळा वेळ ते डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते.

त्या फोटोत खुर्चीने सगळा कागद भरला होता. पट्टी लावण्यात अर्थ नव्हता. काळा ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. अंगाभोवती काहीतरी घट्ट ओढून, पाठमोरं कुणीतरी बसलं होतं.

हे सगळं पाहून आपण घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. आनंद झाला असता तरी चाललं असतं. त्याला काहीच वाटलं नाही.

लेकीचे दिवस भरत आले. तिने एकदा स्वच्छ सांगितलं, ‘‘बाबा, ते डोंगर पुरे झाले आता. इथे या. मला तुम्ही इथे हवे आहात.’’ तिचा आवाज शेवटी चिरकला. तो येतो म्हणाला आणि खरोखरच राजीनामा लिहून दिला. पलीकडच्या शहरातलं एक काम अर्धवट होतं, ते संपवून यायचं होतं. जाताना त्याने जागा डावीकडची घेतली. परतीच्या विमानात मात्र चौदावी रांगच मिळाली, आणि येताना डोंगर ज्या बाजूला येतात ती डावीकडची खिडकी.

कॅमेरा त्याने बॅगेत घातला, बॅग डोक्यावरच्या कप्प्यात टाकली आणि खिडकीची झडप खाली ओढली. हात मांडीखाली दाबून बसला. चाळीस मिनिटांनी नेहमीची घोषणा झाली, लोक खिडक्यांकडे वळले. तो समोरच्या आसनाची शिवण मोजत राहिला. शेजारून लोकरीचा वास आला, कपाटात बरेच दिवस ठेवलेल्या लोकरीचा. त्याने मान वळवली नाही.

घरी येऊन बॅग उघडली. कॅमेऱ्यात एक नवा फोटो होता.

त्यात खुर्ची नव्हती. निळं आभाळ होतं, आणि फार वर, फार लांब, एक छोटंसं विमान.

खालच्या कडेला बर्फ दिसत होता. उजवीकडून काळ्या शालीचा काठ आत आला होता. त्याच्या शेजारी, एका माणसाला पुरेल एवढी जागा, बर्फ हाताने थापून सारखी केलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती.

प्रसूतीच्या वॉर्डात ऊन आलं होतं. कोपऱ्यात बाळांचा काटा होता, आणि त्यावर तपासणीची चिठ्ठी त्याच्याच सहीची. लेक उशीला टेकून बसली होती, थकलेली आणि खुशीत. तिने नर्सला थांबवून ठेवलं होतं. जन्मल्यावर केलेलं वजन तिने कुणालाही बोलू दिलं नव्हतं.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘आणि सांगा.’’

नर्सने बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. बाळ हातांवर आहे, हे त्याला दिसत होतं. तळहातांवर दुपट्याची घडी होती, घडीत लाल चेहरा होता. त्याने डोळे मिटले, नेहमी मिटायचा तसे.

हातांवर काहीच नव्हतं. त्याने झटकन डोळे उघडले आणि कोपर छातीशी आवळले.

‘‘किती?’’ लेकीने विचारलं.

काहीतरी आकडा सांगता आला असता, तीन किलोच्या आसपास बाळं असतातच.

‘‘मला कळत नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘मला काहीच कळत नाहीये गं.’’

लेकीचं हसू हळूहळू गेलं. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. पांढरी, मनगटापर्यंत पांढरी. बाळाने त्यातलं एक बोट मुठीत धरलं होतं आणि तो दुसरीकडेच बघत होता.

‘‘बाबा, द्या तिला इकडे.’’

त्याने बाळ तिच्याकडे दिलं. बाळाची मूठ त्याच्या बोटावरून सुटली आणि लगेच मिटली. लेक ती मूठ गालाला लावायला गेली आणि दचकली.

‘‘किती गार आहे,’’ ती म्हणाली.

मुठीच्या फटीतून काळ्या लोकरीचा एक ओला धागा बाहेर आला होता. लेकीने तो ओळखला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हलक्या हाताने तिने तो ओढून काढायला पाहिलं, तशी बाळाने मूठ आणखी घट्ट आवळली.