एक पॉइंट दोन की दोन?

"हलू नका!"

हे त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य. कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मी पाऊल टाकलं, तर हा गुडघे टेकून जमिनीवर सांडलेला स्क्रू शोधतोय, आणि स्क्रू नेमका माझ्या चपलेखाली. मी एका पायावर उभी. त्याने स्क्रू उचलला, वर पाहिलं... आणि मी कशाला आले होते तेच विसरले.

आठवलं तेव्हा सांगितलं. मावशीच्या नाटकाची रंगीत तालीम दुसऱ्या दिवशी होती. रंगमंचावर एकच कंदील, फ्लॅशला सक्त मनाई, आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे. माझं पहिलंवहिलं काम! मावशीने सगळ्यांशी भांडून ते मला मिळवून दिलं होतं. फोटो बिघडले असते तर माझ्याबरोबर तिचंही नाक कापलं गेलं असतं. माझ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला अंधारात चालणारी पन्नास मिलिमीटरची लेन्स हवी होती.

त्याने दोन काढल्या. "ही एक पॉइंट दोन. भरपूर उजेड ओढते, पण फोकस केसभर हुकला तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतील. आणि ही दोनवाली. उजेड कमी ओढते, पण हलकी आहे, शहाणी आहे."

"तुम्ही कुठली घेतली असती?"

"मला दोघी आवडतात... लेन्स म्हणतोय मी."

घरी मला 'बघू' म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला माझं उत्तर तेवढंच असतं. तिथेही मी बराच वेळ बघू-बघू करत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "दोन्हींनी माझे फोटो काढा. उद्या रोल धुऊन देतो, मग ठरवा." त्याने दिवे मालवले आणि फक्त टेबललॅम्प ठेवला.

रेंजफाइंडरच्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात. रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या. मी बसवत होते, आणि त्या सुटत होत्या, कारण तो हसून हलत होता.

"हसू नका ना!"

"नाही हसत... तुम्ही काढा."

पण त्याचं हसू काही आवरेना. घरी जाताना माझा बसस्टॉप चुकला, तो वेगळाच घोळ.

दुसऱ्या दिवशी त्याने फिल्म काउंटरवर उलगडली. आरपार कोरी. एकही फोटो नाही!

"कॅमेरा बिघडला?"

"कॅमेरा ठणठणीत आहे. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं."

"दोन्हींवरचं?"

"दोन्हींवरचं."

या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. झाकण तसंच असलं तरी बघणाऱ्याला सगळं छान दिसतं. मी धांदरट, मान्य. पण समोर बसलेल्याला—?

"तुम्हाला दिसलं असणार!"

त्याचे कान लाल झाले. "दिसलं... पहिल्याच फोटोला."

"आणि बोलला नाहीस?" रागाच्या भरात मी अरेतुरेवर आले.

"बोललो असतो तर आज फोटो बघून तू लेन्स घेऊन निघून गेली असतीस. पुन्हा कशाला आली असतीस?" तो थांबला. "चुकलं माझं. तुझं काम, मावशी... डोक्यातच आलं नाही. तू मला फार आवडलीस, एवढंच होतं डोक्यात."

मी भडकले होते. की लाजले होते? दोन्ही एकदम कसं होतं, देव जाणे. रडू येत होतं आणि हसूही. मी एक लेन्स उचलली, ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली.

"तालीम सहाला आहे," मी म्हटलं, "आणि माझं अजून ठरत नाहीये."

"मग?"

"मग दोन्ही घेऊन तू ये. माझ्या शेजारी अंधारात बसायचं, मागेन ती हातात द्यायची. आणि मला न दिसलेलं काही तुला दिसलं, तर तिथल्या तिथे सांगायचं!"

"तिथल्या तिथे?"

"तिथल्या तिथे."

त्याने एक मोठा श्वास घेतला. "मग आत्ताच सांगतो. तूही माझ्या प्रेमात पडली आहेस."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं... आणि 'हो' म्हणून बसले.