मधुकररावांचा फोटो

मला माणसांचे फोटो झकास काढता येतात, असं हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत मीच सांगत फिरलो. मग दोष कोणाला देणार? पंचेचाळिसाव्या वर्षी मीडियम फॉरमॅटचा जुना कॅमेरा घेतला. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. एका रोलवर बारा फोटो, तेही काळे-पांढरे. पहिले दोन रोल मी वाया घालवले होते, फुशारकी मात्र अशी की विचारू नका.

एका रविवारी सकाळी समोरच्या घरातले मधुकरराव दारात आले. "सुशील, माहा एक चांगला फोटो काढून दे गा. उद्या मेलो तं भिंतीले लावाले पाहिजे. आधार कार्डावर मी चोरासारखा दिसतो."

कॅमेऱ्यात रोल नव्हता. घरात एकच उरला होता आणि तो मी रामटेकसाठी जपून ठेवला होता. तसं सांगायला माझं काय जात होतं? पण त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यांच्या पत्नी भागीरथाकाकू अंगणात खुर्ची पुसत होत्या. मी रिकामाच कॅमेरा घेऊन गेलो. "हलू नका काका," म्हणालो आणि चार वेळा बटण दाबलं. माझी मान खालीच होती, त्यामुळे त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात खरा काढू, म्हाताऱ्याला काय कळतंय!

ते रोज विचारायचे, "झाला का गा?"

"धुऊन राहिलो, काका."

तिसऱ्या आठवड्यात ते झोपेतच गेले.

तेरवीला भिंतीवर आधार कार्डाचाच फोटो मोठा करून लावला होता. चेहरा पार फाटून धूसर झाला होता. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू काढला तो दे ना बाबू. एवढं तरी राहू दे माह्याजवळ."

लाजेनं मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं, "देतो, काकू."

तोंड चुकवायला म्हणून मी रामटेकला गेलो. जपलेल्या रोलचं सीलबंद पाकीट तिथल्या पायऱ्यांवर बसून फोडलं. माकडं, धानाची शेतं, पायऱ्या असे बारा फोटो काढले. घरी येऊन बाथरूममध्ये रोल धुतला आणि दोरीवर टांगला.

अकरा फोटो रामटेकचे होते. बाराव्यात मधुकरराव खुर्चीवर बसले होते, त्यांच्याच अंगणात.

मी कॅमेऱ्याच्या पिशवीतून ते फोडलेलं पाकीट काढून पुन्हा पाहिलं. काहीच जुळेना. आणि खरं सांगू का, भीती नंतर वाटली. आधी वाटलं, सुटलो बुवा. याची लाज मला आजही वाटते.

जरीपटक्यात माझा मित्र धर्मेंद्र याचा जुना स्टुडिओ आहे. त्याच्या डार्करूममध्ये प्रिंट काढली. चेहरा सुरेख आला, फक्त नाकपुड्यांपाशी दोन पांढरे ठिपके.

"निगेटिव्हवर धूळ आहे बे," धर्मेंद्र म्हणाला.

पुसून पुन्हा काढली. ठिपके तिथेच होते. तेव्हा बारीक ब्रशनं त्यांवर करडा रंग भरला. वाळल्यावर पाहिलं, तर ठिपके परत पांढरे.

शेवटी तशीच नेऊन दिली.

काकूंनी चष्मा लावला. फोटो दारापाशी उजेडात नेला.

"केव्हाचा आहे हा?"

"त्याच रविवारचा, काकू." तिथेही मी खोटंच बोललो.

"नाही गा." त्यांनी ठिपक्यांवर हलकेच बोट ठेवलं. "हा कापूस मीच घातला होता त्यांच्या नाकात. नेताना."