कामगारसंख्या : शून्य

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण यातला एकही शब्द पदरचा नाही.

ज्यांच्यासोबत हे घडलं, त्या माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. भुताखेताचं नाव काढलं की हसून वेड्यात काढणाऱ्या.

आता हसत नाहीत.

जानेवारीतला दुसरा रविवार होता. दुपारचे तीन. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात वन्सं एकट्याच होत्या. बाहेर लख्ख ऊन.

त्यांचं काम कंपन्यांची कुंडली काढायचं. कोणती कंपनी कोणी विकत घेतली, कधी घेतली, पुढे काय झालं, हे कॉम्प्युटरवर शोधायचं. नाव टाकलं की सगळी माहिती समोर. ऑफिसात त्या प्रोग्रामला गमतीनं ‘सोयरीक’ म्हणत. कोणाचं कोणाशी जमलं आणि कोण कोणाच्या घरात गेलं, ते सगळं त्यात कळायचं.

सोमवारी एक मोठा सौदा होता. लिफ्ट बनवणारी एक कंपनी विकली जाणार होती. तिचा इतिहास वन्संना सकाळपर्यंत द्यायचा होता.

शोधता शोधता एक जुनी नोंद निघाली. एकोणीस वर्षांपूर्वी याच कंपनीनं रंगाचा एक छोटा कारखाना गिळला होता.

स्थिती : व्यवहार पूर्ण.

कामगारसंख्या : शून्य.

वन्सं थबकल्या. अख्खा कारखाना विकत घेतला, आणि माणूस एकही नाही?

नोंदीत जुना फोन नंबर होता. लागणार नाही हे माहीत होतं, पण खातरजमा केल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, ही त्यांची सवय. त्यांनी नंबर फिरवला.

एक रिंग... दोन रिंग...

कोणीतरी उचलला.

“बोला.”

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मागे यंत्रांची धडधड.

“कारखाना चालू आहे का तुमचा?” वन्संनी गोंधळून विचारलं.

“म्हणजे काय? पाळी चालू आहे. मी स्टोअरकीपर बोलतोय.”

“अहो, पण इथे तर तो विकला गेल्याची नोंद आहे.”

“असेल. आम्हाला कोण सांगतंय?” तो हसला. मग हळूच म्हणाला, “बाई, त्या नोंदीत आम्ही किती जण लिहिलेत?”

वन्संनी जे समोर होतं ते वाचलं.

“शून्य.”

यंत्रं थांबली.

एकदम... सगळी.

“शून्य?” तो म्हणाला.

त्या शांततेत वन्संना श्वास ऐकू आले. एकाचे नाहीत. पुष्कळ माणसं फोनभोवती गोळा व्हावीत, तसे.

“कोणी लिहिलं?”

वन्संनी फोन आपटला. पर्स उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली पळाल्या. मागे रिकाम्या ऑफिसात एक फोन वाजायला लागला. मग दुसरा. मग तिसरा...

खालच्या वॉचमननं विचारलं, “मॅडम, वर कोणी आहे का?”

वन्सं तशाच गेटबाहेर पडल्या.

सोमवारी त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब म्हणजे मोठा कडक माणूस, कधी कोणापुढे नमला नाही. त्यांनी नंबर पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“हा लागणं शक्य नाही. तिथली लाइन मीच कापायला लावली होती.”

“तुम्ही?”

साहेबांनी दार लावून घेतलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो सौदा त्यांनीच जमवला होता. तेव्हा नवे होते, नाव कमवायचं होतं. ताबा घ्यायच्या आदल्या रात्री कारखान्यात वायुगळती झाली. रात्रपाळी आत होती. दारांना बाहेरून कुलूप.

“सगळी लांबून आलेली, कंत्राटी माणसं. विचारायला कोणी आलं नाही. सौदा मोडला असता... हजेरीपट मी जाळला. कारखाना आधीच रिकामा केला होता, असं लिहिलं.”

“आणि तो आकडा?”

“मीच टाकला.”

वन्सं म्हणाल्या, “साहेब, आकडा बदला. आत्ता.”

“बदलला तर मी जातो, मॅडम. आयुष्यातून उठतो.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. अखेर साहेबांनीच उचलला. नुसतं ऐकत होते. चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला.

शेवटी एवढंच म्हणाले, “हो. मीच.”

मग थोड्या वेळानं, “येतो.”

कोट खुर्चीवर तसाच टाकून ते निघून गेले.

चार दिवसांनी त्यांची गाडी सापडली. त्या कारखान्याच्या जागेपाशी. साहेब आजवर सापडलेले नाहीत.

शेवटचं बोलणं वन्संशी झालं होतं, म्हणून पोलिसांनी त्यांना तिथे बोलावलं. सोबत आमचे हे गेले. घरी आले ते तापानं फणफणलेले. आठवडाभर अंथरुणात होते.

मग एकदा मी विचारलंच, “काय होतं हो तिथे?”

“काही नाही. चारी बाजूंनी भिंत. आत मोकळं मैदान, कमरेएवढं गवत.”

“मग?”

“मी आणि ताई भिंतीवरून आत बघत होतो. गवत जागोजागी दबलेलं होतं. दोन पाय मावतील एवढंच. रांगेनं... माणसं उभी असावीत तसं.”

“जनावरं बसली असतील.”



“आम्ही बघत होतो ना,” ते म्हणाले, “तेव्हा पहिल्या रांगेतलं गवत हळूच सरळ झालं. आणि तिच्यापुढचं दबलं.”

“पुढचं म्हणजे?”

“आमच्या बाजूचं.”